ओसाड कुणाला म्हणता? गोव्यातल्या पर्वरीच्या सड्यावरल्या आमच्या वसाहतीला खुले पत्र

पुनर्विकास समिती आणि वसाहतीतील सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या सभेत मला बोलायला दोन मिनिटं मिळाली. त्यातलं दीड मिनिट माइक चालू करण्यात गेलं. उरलेल्या अर्ध्या मिनिटात मी काय बोललो ते मलाच नीट आठवत नाही, तुम्हाला कुठून आठवणार! म्हणून हे पत्र. जिन्याखालच्या फळ्यावर कागद लावायचा तर आधी समितीला दाखवावा लागतो, त्यापेक्षा सगळ्यांना एकदमच लिहिलेलं बरं.

आधीच सांगून टाकतो, नाहीतर अर्धे जण इथेच कागद खाली ठेवतील. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. मी सी ब्लॉकच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो, बायकोच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला आहे आणि मला लिफ्ट हवी आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या छतातून सळ्या डोकावतात. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते. वरून कितीही गिलावा चढवा, ती पुन्हा ढकलणारच. आम्ही चार वेळा चढवला. हे मी नोकरीतल्या अनुभवावरून सांगतो. तीस-बत्तीस वर्षं सरकारी आरेखक होतो, दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढण्यात डोळे गेले. इमारती पाडायची वेळ आली आहे, यात वाद नाही.

माझं भांडण आहे ते सभेत सल्लागारांनी दाखवलेल्या सादरीकरणातल्या तिसऱ्या स्लाइडशी. एक काळा-पांढरा फोटो आणि खाली अक्षरं: ‘काल: ओसाड पठार’. पुढच्याच स्लाइडवर निळाशार पोहण्याचा तलाव, ‘उद्या’. (फोटो पर्वरीचा नव्हताच. मागे दिसणारे डोंगर घाटावरचे होते, साताऱ्याकडचे असावेत. सल्लागार मुंबईहून आले होते, वाटेत काढला असेल.) टाळ्या पडल्या. मग अकराव्या स्लाइडवर आपल्या वसाहतीचा नकाशा आला आणि सी ब्लॉकच्या मागचा सखल भाग, विहिरीसकट, लाल रंगाने भरलेला दिसला. त्यावर लिहिलं होतं: ‘न वापरलेली जागा’. तिथे दोन मजली बेसमेंट येणार, मोटारींसाठी.

तिसऱ्या आणि अकराव्या स्लाइडमधलं नातं मला सांगायचं आहे.

आपण ज्यावर राहतो त्याला इथली माणसं पठार म्हणत नाहीत, सडा म्हणतात, कोकणीत सडो. जांभ्या दगडाचा कातळ, वर वीतभर माती, कुठे तीही नाही. एप्रिलमध्ये बघाल तर खरंच वाटेल की इथे काही नाही. पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर बघा. कातळावरच्या खळग्यांत पाणी साचतं, त्यात सीतेची आसवं ही इवली फुलं फुलतात, जांभळट निळा रंग पसरतो. आषाढ-श्रावणात रोयणींवर, म्हणजे वारुळांवर, अळमी (रानातली अळंबी) उगवायची. आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी खालच्या वाड्यावरची एक बाई पानात बांधून अळमी विकायला आली होती. भाव ऐकून मी परत पाठवली. आज म्हापशाच्या बाजारात त्या भावात पिशवीही मिळणार नाही, आणि अळमी कुठून येतात ते विचारायची सोय नाही. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी कांगणं, कवंडळं ही रानफळं याच सड्यावरून आणि त्याच्या उतारांवरून यायची. वाड्यावरची मुलं आदल्या दिवशी दोऱ्या घेऊन हिंडायची. काजूची झाडं होती, करवंदं होती, गुरं चरायला यायची. शेतं खाली होती, घरं खाली होती, पाणीही खाली लागत होतं. वरचा भाग मोकळा ठेवलेला होता. ‘मोकळा’ आणि ‘ओसाड’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि माझा सगळा मुद्दा या दोन शब्दांत आहे.

इथली बरीच जमीन सेरूला कोमुनिदादीची. कोमुनिदाद म्हणजे पोर्तुगीज नाव लागलेली आपली जुनी गावकारी, पोर्तुगिजांच्या आधीपासूनची. गावाची शेतं कसायला दिली जायची, बांध दुरुस्त व्हायचे, आणि सडा सगळ्यांच्या गुरांचा, सगळ्यांच्या सरपणाचा. त्यावर एकाचं नाव नव्हतं म्हणून तो कुणाचा नव्हता असं नाही. पण कागद वाचणाऱ्याला तसंच दिसतं. मलाही दिसलं होतं, हे कबूल करतो. आमच्या टेबलावर नकाशे रंगवायचे तेव्हा भातशेतीला पोपटी, बागायतीला गर्द हिरवा, वस्तीला पिवळा. सड्याला रंग नसायचा. कागद पांढराच राहायचा. वर्षानुवर्षं आम्ही तो पांढरा ठेवला, आणि पांढरी जागा दिसली की माणसाचा हात शिवशिवतो.

पर्वरी म्हणजे तेव्हा म्हापशाहून बेतीला जाताना लागणारी चढण. गोवा मुक्तीच्या आदल्या संध्याकाळी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, उत्तरेकडून आलेली भारतीय सैन्याची तुकडी बेतीला मांडवीच्या काठावर येऊन थांबली. पलीकडे पणजी, मध्ये नदी, पूल नाही. सैन्याची ही गत, तर बाकीच्यांचं काय? गाझोलीनने (इंजिनाच्या होडीने) किंवा फेरीबोटीने पलतडी जायचं. १९७० मध्ये मांडवीवर पूल झाला आणि पांढऱ्या कागदाची किंमत एकदम वाढली. पणजीत कारकुनी करणाऱ्या माणसाला पणजीत घर परवडत नव्हतं. सड्यावर परवडत होतं. गृहनिर्माण मंडळाचा कायदा १९६८ चा, मंडळाच्या वसाहती सड्यावर उभ्या राहिल्या, त्यांच्या आजूबाजूला खाजगी सोसायट्या, आफ्रामेंताचे, म्हणजे कोमुनिदादीने कायम भाडेपट्ट्याने दिलेले प्लॉट. आपली वसाहत त्याच लाटेतली. मी १९८४ मध्ये किल्ली घेतली तेव्हा सी ब्लॉकच्या गॅलरीतून मांडवीचं पाणी चमकताना दिसायचं. आता समोरच्या इमारतीचे एसी दिसतात.

दोनच वर्षांनी, ५ जुलै १९८६ च्या शनिवारी, तो पूल कोसळला. माणसं गेली. जुन्या सभासदांना पुढची वर्षं आठवत असतील: बेतीच्या धक्क्यावरची ती रांग, भर पावसात छत्र्यांवर छत्र्या, फेरीबोट हलली की पुढच्या फेरीपर्यंत मस्टरवर लाल शाई पक्की. आपल्या वसाहतीतले तीन जण त्या वर्षात फ्लॅट विकून गेले. मी राहिलो, हुशारीने नव्हे, गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून. पण त्याच काळात वसाहत खऱ्या अर्थाने वसाहत झाली. पणजी तुटल्यामुळे संध्याकाळी कुठे जाणं नव्हतं, तेव्हा सी ब्लॉकच्या मागच्या त्या सखल जागेतच मुलांचं क्रिकेट, बायकांची फुगडी, आणि एकदा मे महिन्यात पडदे लावून नाटकसुद्धा झालं. मी त्यात पहारेकरी होतो. दोन वाक्यं होती, एक विसरलो.

पुढचं झपाट्याने झालं. नवे पूल आले. २००० मध्ये विधानसभा पणजीच्या आदिलशाही राजवाड्यातून सड्यावर आली, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाची इमारत. जानेवारी २०१९ मध्ये अटल सेतू खुला झाला, मग महामार्गावर उन्नत मार्गाचं काम निघालं. मार्च २०२५ मध्ये त्याच कामासाठी खाप्रेश्वर या राखणदार देवाची घुमटी आणि तिथला जुना वड जागेवरून हलवला, तेव्हा लोक रस्त्यावर आले होते. आपल्यातलेही काही जण होते. त्या दिवशी मला कुणीतरी म्हणालं, “इतकी वर्षं राहतो, पण हा राखणदार इतका जुना आहे हे आजच कळलं.” कळलं ते हलवताना.

प्रत्येक वेळी शब्द तोच होता. पडीक, ओसाड, रिकामी. एकदा तो शब्द चिकटला की पुढची वाट सोपी. आणि आपणही त्याच शब्दाच्या वाटेने इथे आलो, हे मी विसरत नाही. मला सड्याचा रक्षक म्हणवून घ्यायचं नाही. मी सड्यावर सातशे चौरस फूट काँक्रीट ओतून राहिलेला माणूस आहे.

पण आपल्या वसाहतीचा पहिला आराखडा ज्याने काढला, त्याने मागची ती सखल जागा सोडली. का सोडली हे मला आल्यावर दोन पावसाळ्यांनी कळलं. सगळ्या वसाहतीचं पाणी तिथे उतरतं. जुलैत घोटाभर तळं होतं, पाऊस थांबला की दोन दिवसांत नाहीसं. गटारातून जात नाही, कारण तिथे गटार नाहीच. ते खाली मुरतं. जांभा दगड स्पंजासारखा सच्छिद्र असतो. त्यातून पाणी खाली उतरतं, खाली चिकणमातीचा थर लागला की आडवं सरकतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरीतून बाहेर येतं. साळगावची साल्मोणाची झर, पोंबुर्फ्याची झर, ज्यांच्याखाली आपण मे महिन्यात आनंदाने डोकं धरतो, त्या अशाच कुठल्या ना कुठल्या डोंगरमाथ्यावर मुरलेल्या पाण्याच्या. सुकूर, साल्वादोर दो मुंद, पिळर्ण, ही सगळी गावं सड्याला टेकून वसली ती काही देखाव्यासाठी नाही.

आता थोडा हिशेब, जुनी खोड आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे तीन मीटर. आपला प्लॉट सुमारे सहा हजार चौरस मीटरचा. गुणाकार करा: अठरा हजार घनमीटर. एक कोटी ऐंशी लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर अठराशे टँकर, दरवर्षी, फुकट, आपल्या अंगणात रिकामे होतात. सगळं मुरत नाही हे मलाही कळतं. काही वाहून जातं, काही वाफ होतं. तरी जे मुरतं ते त्या सखल जागेतून मुरतं. तिथे दोन मजले खोल खड्डा खणला, भिंती जलरोधक केल्या, तळाशी पंप बसवला, की पावसाचं तेच पाणी आपण वीज जाळून उपसणार आणि रस्त्यावर सोडणार. रस्त्याचं काय होतं ते दर जुलैत आपण पाहतोच. मग एप्रिलमध्ये टँकर मागवणार. आपले नळ अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या पाण्यावर, अस्नोड्याला आधार तिळारीच्या कालव्याचा, तिळारी धरण महाराष्ट्रात, दोडामार्गात. कालवा कुठे फुटला की आपल्या बार्देश तालुक्याचे नळ खोकायला लागतात, हे सांगायला हवं का? त्या दिवसांत आपण कुठे जातो? विहिरीवर. त्याच ‘न वापरलेल्या’ जागेतल्या.

विहीर वसाहतीपेक्षा जुनी आहे. काठावर तुळस नाही, नाव नाही, पण कठड्याच्या चिऱ्यांवर दोरांनी पडलेल्या खाचा आहेत, बोटभर खोल. ओसाड जागेत दगडाला अशा खाचा पडायला किती बादल्या ओढाव्या लागतील, हा प्रश्न सल्लागारांना विचारायचा होता. माइकने साथ दिली नाही. आमच्या पहिल्या वर्षी खालच्या वाड्यावरची एक म्हातारी गवत कापायला वर यायची. पाया खणण्याचं काम तेव्हा ए ब्लॉकला चालू होतं. ती उभी राहून बघायची. एकदा मला म्हणाली, “बाबा, आतां हें उदक खंय वतलें?” (आता हे पाणी कुठे जाणार?) मी तरुण होतो, सरकारी नोकरीत होतो, म्हटलं, “गटारांत.” ती हसली आणि गवताचा भारा उचलून गेली. त्या वाड्यावरच्या लोकांना आपल्या एकाही सभेचं निमंत्रण नाही. त्यांच्या विहिरी मात्र आपल्या बेसमेंटच्या बरोबर खाली आहेत.

सभेत सांगितल्या गेलेल्या काही गोष्टींबद्दलही बोललं पाहिजे. सल्लागार सारखे ‘७९-अ प्रमाणे’ म्हणत होते. ७९-अ महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातलं कलम आहे. गोव्याचा सहकार कायदा वेगळा, २००१ चा. त्यामुळे ‘बहुमत झालं की बाकीच्यांना यावंच लागतं’ हे त्यांनी जे ठणकावून सांगितलं, ते आपल्या वकिलाकडून आधी तपासून घ्या. ‘पंचवीस टक्के जादा जागा’ म्हणाले, पण कशाच्या पंचवीस टक्के? कार्पेटच्या की सुपर बिल्टअपच्या? जिना, लॉबी आणि पोहण्याचा तलाव आपल्याच डोक्यावर वाटून दिला तर जादा जागा कागदावर वाढते, खाटेला वाढत नाही. बांधकामातला दोष निघाल्यास रेरा कायद्यात बिल्डरवर पाच वर्षांची जबाबदारी आहे, तिचा उल्लेख करारनाम्याच्या मसुद्यात मला सापडला नाही. कुणाला सापडला तर पान दाखवा, मी जाहीर माफी मागेन.

मागच्या उताराच्या पट्टीचा ‘झोन (जमिनीचा ठरवून दिलेला वापर) बदलून घेऊ, ते आमच्यावर सोडा’ असंही ते म्हणाले, आणि बरेच जण खूश झाले. सोडू नका. २०२३ मध्ये गोव्याच्या नगर नियोजन कायद्यात १७(२) कलम आलं, त्याच्या आधाराने झोन दुरुस्त्या झाल्या, आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियमच रद्द केले. ते न्यायालय आपल्या सड्यावरच आहे, चालत जाण्यासारखं. त्याआधी २०२४ मध्ये त्याच कायद्यात झोन बदलण्यासाठीच ३९-अ कलम आलं, तेही वादात सापडलं. ज्या पायावर उद्या दावा पडू शकतो त्यावर आपली म्हातारपणाची घरं उभी करायची का? शिवाय डोंगर कापायला आणि सखल जागा भरायला त्याच कायद्याच्या १७-अ खाली वेगळी परवानगी लागते, ती मागितल्याचं कुणी सांगितलं नाही.

मग मला हवंय काय? इमारती पाडा. नव्या बांधा, उंच बांधा, एफएआरमध्ये, म्हणजे प्लॉटवर बांधकामाची जी मर्यादा आहे तीत, बसेल तेवढ्या बांधा. मोटारी इमारतींखाली स्टिल्टमध्ये, खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यावर ठेवा. त्यामुळे दर फ्लॅटला दुसरी गाडी ठेवायची जागा मिळणार नाही, हे मी लपवत नाही. आपल्यातल्या निम्म्या घरांत एकच गाडी आहे आणि दोन घरांतली गाडी चवथीलाच हलते. सखल जागा आणि विहीर जशी आहे तशी राहील, हे करारात सर्व्हे प्लॅन जोडून लिहून घ्या, तोंडी नको. खणायच्या आधी भूजल जाणणाऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. त्याचा खर्च बिल्डरने नव्हे, आपण करू, म्हणजे अहवाल आपला राहील. दर घरामागे फार येणार नाही. मी पहिला हजार देतो. पुढच्या सभेला खालच्या वाड्यावरच्या दोघा-चौघांना बोलवा. आणि ए ब्लॉकमध्ये वीस-वीस वर्षं भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांनाही. पाडण्याची नोटीस त्यांच्या दारावर आधी लागेल आणि नव्या इमारतीत त्यांचं नाव कुठेच नसेल.

एवढं झालं तर संमतीपत्रावर पहिली सही माझी. नाही झालं तर मी कोर्टात जाणार नाही, वय नाही आणि पैसेही नाहीत. पण सही करणार नाही. समितीतल्या तरुण मंडळींना मी अडथळा वाटतो, हे मला माहीत आहे. ‘आजोबांना तळं सोडवत नाही’ असं एक जण व्हॉट्सॲपवर म्हणाला. बरोबर आहे, नाही सोडवत. त्याच तळ्यात त्याच्या बापाने पोहायला शिकायचा प्रयत्न केला होता, घोटाभर पाण्यात.

माझ्याकडे सुंभाची एक दोरी आहे, टोकाला पितळी लोटा. हातभर अंतरावर गाठी मारलेल्या आहेत. इथे आल्यापासून मे महिन्यात मी विहिरीत ती सोडून बघत आलो आहे. सुरुवातीला पाण्याला टेकायला सात गाठी लागायच्या, गेल्या मे महिन्यात नऊ लागल्या. शेजारी दोन नवे टॉवर झाले त्यानंतरची ही गोष्ट. याचा अर्थ काय ते मी ठामपणे सांगणार नाही, ते तज्ज्ञाने सांगावं. पण आकडा तुमच्या डोळ्यांनी बघा. येत्या रविवारी सकाळी साडेसातला, सभेच्या आधी, मी दोरी घेऊन विहिरीपाशी असेन. समितीच्या अध्यक्षांनी लोटा सोडावा, सचिवांनी गाठी मोजाव्यात. गवत वाढलेलं आहे, बूट घालून या.

आपला,
सी ब्लॉक, तिसरा मजला
(निवृत्त आरेखक)